मार्फत

मेश्राम बाईंच्या टेबलावरची पाण्याची बाटली कायम रिकामी असायची. मानवी हक्कांच्या एका आयोगाचा लहानसा तक्रार कक्ष साकोलीत होता. मी तिथला अधिकारी, त्या अर्ज लिहून घेणाऱ्या सहायक. कोणता आयोग ते विचारू नका. सांगायची आहे ती चूक माझी आहे, आयोगाची नाही. तक्रार घेऊन बाई आली की सोबत नवरा, दीर नाहीतर भाऊ असे, आणि तोच बोलायला लागे. मग मेश्राम बाई बाटली पुढे करत. "भाऊ, नळावरून येवढी भरून आना नं." नळ रस्त्यापलीकडे होता. तो परत येईपर्यंत बाईचं निम्मं म्हणणं कागदावर उतरलेलं असे. पाणी व्हरांड्यातल्या कुंड्यांना जाई. आमच्या कुंड्या तालुक्यात सगळ्यांत टवटवीत होत्या.

त्या मोहाडीच्या. नवरा वारल्यावर एकटीने मुलीला शिकवलं. आलेली बाई "मी अमक्याची बायको" म्हणाली की त्या लेखणी खाली ठेवत. "ते झालं घरवाल्याचं. तुमचं सोताचं नाव का हाये?" मी हसायचो, तर म्हणायच्या, "नाव पुसलं का मानूस हाजर होते, सर." मला तो त्यांचा चाळा वाटे. कामाला उशीर होतो म्हणून मी एकदा टोकलंही होतं.

एकोडीची सेवंता मात्र एकटीच आली. तळ्यात मासे धरायची ती, पण मच्छीमार सोसायटी तिला सभासद करून घेत नव्हती. बायकांना घेत नाहीत, एवढंच उत्तर. सोसायटीचा सचिव तिचाच भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. अर्ज झाला, तिला सुनावणीची नोटीस निघायची वेळ आली. बाई अर्जदाराच्या नावाखाली 'मार्फत' लिहून नवऱ्याचं नाव घालायचं, असा आमचा नमुना होता. मेश्राम बाई कागद घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"सर, तक्रार घरच्याइवर, न पत्र घरच्याइच्याच हातात? मार्फत काढा."

"नमुना ठरलेला आहे, बाई," मी म्हणालो.

तो नमुना मीच ठरवला होता. एक ओळ खोडायची होती. पण सहायकाच्या सांगण्यावरून साहेबाने खोडायची, हे मला जड गेलं. नोटीस तशीच गेली.

पंधरा दिवसांत सेवंताचा अर्ज आला, 'माझी काही तक्रार नाही.' अक्षर पुरुषी, खाली तिचा अंगठा. मेश्राम बाईंसमोर तिने स्वतः सही केली होती, हे मला आठवत होतं. तरी मी प्रकरण बंद केलं. बाई रविवारी बस धरून एकोडीला गेल्या आणि सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "तिचं जाळं कापून टाकलं, सर. तळ्यावर जाऊ देत नाहीत. दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीले जाऊन राहिली." मी पुढची फाईल ओढली.

पुढे वरून आदेश आला की आयोगातल्या प्रत्येकाला स्त्री-पुरुष समानतेचं प्रशिक्षण द्यायचं. प्रशिक्षक म्हणून माझी निवड झाली. मी सेवंताची गोष्ट सांगायचो, रंगवून, 'एका अधिकाऱ्याच्या हातून चूक झाली' असं म्हणत. बाटलीची युक्तीही सांगायचो, कोणाची ते न सांगता. टाळ्या पडायच्या. भंडाऱ्याच्या वर्गात मेश्राम बाई दाराशी हजेरीपट घेऊन बसल्या होत्या. परतताना जीपमध्ये त्या एवढंच बोलल्या, "गोष्ट चांगली सांगता, सर. पन त्या गोष्टीत तुमी कुठी होते?"

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही. त्या निवृत्त झाल्या.

दोन वर्षांनी मला ते सहन होईना. मी त्यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. माझी चूक कबूल केली, माफी मागितली, आणि नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला तुम्हीच या, अशी विनंती केली. पत्र आवक-जावकच्या टेबलावर दिलं. उत्तर आलं नाही. रागावल्या असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

गेल्या महिन्यात त्या गेल्याचं कळलं. मोहाडीला भेटायला गेलो. मुलीने चहा दिला आणि कपाटातून एक पाकीट काढलं. आयोगाचं, बंद. वर कार्यालयातल्या कारकुनाने नेहमीच्या नमुन्यात टाईप केलेला पत्ता होता : श्रीमती मेश्राम, मार्फत श्री. भीमराव मेश्राम.

"आईनं उघडलंच नाही," मुलगी म्हणाली. "म्हने, बाबाच्या मार्फत आलं, बाबा आले का उघडतीन."

पाकीट तिने माझ्या हातात दिलं. "सर, यात का होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "ऑफिसचंच होतं."