गाऊनच्या आत

आमच्या स्टुडिओत पदवीचा काळा गाऊन एकच होता. निकाल लागले की पार्ल्यातल्या कॉलेजांची मुलं यायची, गाऊन चढवायची, हातात भेंडोळं धरून खुर्चीत बसायची. भेंडोळं म्हणजे जुन्या कॅलेंडरचं पान, लाल फीत बांधलेलं. खरी पदवी हातात पडायला वेळ लागायचा आणि घरच्यांना फोटो लगेच हवा असायचा. ऐंशीनंतरची ती वर्षं. नवरा लग्नांचे फोटो काढायला दिवस दिवस बाहेर, म्हणून ही पोरं माझ्या वाट्याला आली. आधी मी नुसत्या पिना लावून द्यायचे, मग कॅमेराच हातात घेतला. बाई फोटो काढते, म्हणून आया आपल्या मुलींना बिनघोर पाठवायच्या. बघता बघता अंधेरी-बोरिवलीकडच्या मुलीही यायला लागल्या. मी तोंडाची फटकळ. ‘पास झालीस ना? मग चोरी केल्यासारखी काय बसलीस?’ असं म्हटलं की त्या हसायच्या आणि मी तेवढ्यात बटण दाबायचे. त्या हसण्यावर माझा धंदा उभा राहिला.

एका दुपारी मुलुंडहून एक गृहस्थ आले. मूळचे मालवणकडचे, गिरणीत कामाला. मुलीच्या मैत्रिणीने त्यांना माझं नाव सांगितलं होतं. त्यांनी सहलीचा एक फोटो पुढे केला आणि चौघींमधल्या एकीवर बोट ठेवलं. शेवटची परीक्षा दिली आणि काविळीचं निमित्त होऊन ती गेली. निकाल मागाहून लागला. पास झाली होती, घराण्यातली पहिली.

‘तिच्या आवशीक तिका गाऊनात बघूचा आसा,’ ते म्हणाले. मुलीच्या आईसाठी हवा होता तो फोटो.

अशी कामं आम्ही करत असू. चेहरा कापून दुसऱ्याच्या धडावर चिकटवायचा, सांधा ब्रशने बुजवायचा आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचा. गाऊन घातलेल्या मुलींच्या फोटोंची माझ्याकडे कमी नव्हती. पण कुणाची सोयरीक जमलेली, कुणी नुकती नोकरीला लागलेली. त्यांना न विचारता त्यांचं अंग गेलेल्या मुलीला द्यायला माझं मन धजेना. शेवटी मीच बसले. मुलीचं लग्न झालेलं नव्हतं म्हणून मंगळसूत्र आणि बांगड्या काढून ठेवल्या, गाऊन चढवला, नवऱ्याने फोटो काढला. मीही जिवंतच आहे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मला तेव्हा चौथा महिना होता. त्याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा मी इस्पितळातून रिकाम्या हातांनी परतले होते. गाऊन सैल होता, पोट दिसलं नाही.

फोटो सुरेख झाला. वडील पिशवीत घालून तो घेऊन गेले. एक प्रत मागे राहिली होती, ती सासूबाईंच्या नजरेला पडली. चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. फोटो धुण्याच्या औषधात बुडवून बुडवून तपकिरी पडलेली बोटं त्यांनी बरोबर ओळखली.

‘हे हात तुझे आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘आणि पोटुशी बाई तू. तिकडे ह्याला हार घातला असेल त्यांनी. जिवंत माणसाच्या फोटोला हार. काय केलंस हे?’

मी त्यांच्यावर उखडले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही म्हणाले, आणि तसा तो नव्हताही. पण डार्करूममध्ये गेले की माझा धीर सुटायचा. फोटो धुताना आधी काळं उमटतं. कागदावर पहिल्यांदा गाऊन दिसतो, आत कुणी नसलेला. चेहरा सगळ्यात शेवटी येतो. तो येईपर्यंत मी श्वास धरून बसायचे. कुणाचा येईल याची मला भीती वाटायची. परक्या पोरींचे हसरे चेहरे उमटायचे आणि मला रडू यायचं.

मग एकदा पोटातली हालचाल मंदावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके नीट आहेत, घाबरू नका. त्यांचं ऐकलं आणि तिथून तशीच मुलुंडला गेले.

चाळीतली खोली, दारासमोरच्या भिंतीवर फोटो. अबोलीचा ताजा हार. हाराखाली भेंडोळं धरलेले माझे हात. मुलीच्या आईने मला बसवलं, पाणी दिलं. मी फोटो काढणारी, एवढंच सांगितलं. हार काढा, असं त्या बाईला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

तिनेच माझ्या हातांकडे पाहिलं.

‘तुझेच ना गं ते? मला पहिल्या दिवशीच कळलं, हे तिचे नव्हेत. ती नखं खायची. बोटांची पार वाट लावली होती. ह्या हातांना नखं आहेत.’ मग तिची नजर माझ्या पोटावर गेली. ‘कितवा?’

‘पाचवा.’

तिने लगेच स्टूल ओढलं, वर चढली आणि हार उतरवला. हार अडकवायचा खिळाही उपटून काढला.

‘आधी यायचंस ना,’ म्हणाली.

मला मुलगी झाली. तिला घेऊन मी मुलुंडला गेले. फोटो जागेवर होता, बिनहाराचा. आमच्या स्टुडिओच्या काचेत लावलेल्या कुठल्याही पोरीसारखी ती दिसत होती, पास झालेली, आता नोकरी शोधेल अशी. आम्ही बोलत होतो तेवढ्यात शेजारच्या खोलीत नव्याने राहायला आलेली एक बाई विरजण मागायला आली. तिची नजर भिंतीवर गेली.

‘मुलगी का तुमची? कुठे असते?’

मी मान खाली घातली. हार असता तर त्या बाईने विचारलंच नसतं.

‘नोकरीला आहे,’ आई म्हणाली. ‘बाहेरगावी.’

बाई विरजण घेऊन गेली. आईने माझ्या मांडीवरून बाळाला उचललं, तिची मूठ उलगडली आणि एकेक बोट निरखून पाहिलं.

‘हिच्या नखांकडे लक्ष दे हो,’ ती म्हणाली. ‘खायची सवय लागली की सुटत नाही.’