बेल वाजवणारा पंच

आमच्या वसाहतीत तीन 'मातोश्री' आहेत. नाशकात माणसाने घर बांधलं की त्याला आईचं नाव द्यावंसं वाटतं, आणि आईचं खरं नाव भिंतीवर लिहायचा संकोच वाटतो, म्हणून सगळ्यांचीच आई मातोश्री होते. बाबांनीही तेच केलं. गेटचा निळा रंगसुद्धा मागच्या गल्लीतल्या मातोश्रीचाच, कारण पेंटर एक आणि उरलेला डबाही एक. त्यामुळे खबऱ्याने 'मातोश्री, निळं गेट' सांगितलं तेव्हा त्याचं काही चुकलं नाही. गल्ली विचारायचं पोलिसांनी टाळलं आणि भोगलं माझ्या आईने.

सकाळची वेळ होती. बाबा भाजी आणायला गेले होते, मी मागच्या खोलीत शिकवणीच्या वह्या तपासत होते आणि आई बाहेरचा पेपर घ्यायला दाराकडे चालली होती. तेवढ्यात दार आत आलं. उघडलं नाही, कडीकोयंड्यासकट आत आलं. आई त्याच्या धक्क्याने फरशीवर आपटली आणि पाच-सहा जण तिला ओलांडून घरात घुसले. त्यांना कोयता घेऊन लोकांवर धावून जाणारा एक पोरगा हवा होता. त्यासाठी त्यांनी आमची कपाटं उपसली, पलंगाखाली काठ्या घातल्या, देवघराचं दारसुद्धा सोडलं नाही. आई आपलं दुखावलेलं मनगट धरून त्यातल्या एकाला सांगत होती, "आवो, बेल हाय ना आमची. चालू हाय. दाबून तर बघायची." तिचं माहेर निफाडकडचं, घाबरली की ती तिकडचं बोलते. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

झडतीला पंच लागतात. म्हणजे परिसरातली दोन चांगली माणसं, ज्यांनी सगळं डोळ्यांनी पाहून खाली सही करायची. पोलिसांनी समोरच्या मेडिकलवाल्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला बोलावून आणलं. हल्ली मोबाइलवर शूटिंगही करतात, पण आमच्याकडचं शूटिंग सुरू झालं ते दार आडवं झाल्यावर. मग पंचनाम्यात लिहिलं गेलं की आवाज दिला, ओळख सांगितली, दार न उघडल्याने नाइलाजाने बळाचा वापर केला. मेडिकलवाला पहिल्यापासून दुकानाच्या पायरीवर उभा राहून सगळं बघत होता. त्याने सही केली.

बाबा पिशवी घेऊन आले आणि त्यांनी तो कागद वाचला. आवाज दिल्याचं ते वाक्य त्यांना पाठ होतं. शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून पंच म्हणून पहिलं बोलावणं त्यांनाच यायचं. निर्व्यसनी माणूस, सदा घरी, अक्षर चांगलं. ते पोहोचायचे तोवर दार उघडलेलं असायचं, आणि पोलीस म्हणतात म्हणजे वाजवलंच असेल असं धरून ते सही करायचे. त्याचा त्यांना अभिमानही होता. मला त्या अभिमानाची तेव्हाही चीड यायची.

पोलिसांचे साहेब सॉरी म्हणाले, अगदी रीतसर. वर म्हणाले, "काका, असल्या पोरांना बेल वाजवून सांगू का, आम्ही आलोय, मागच्या दाराने जा म्हणून? माझ्या शिपायाच्या खांद्यावर कोयता बसलाय." ते खोटं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

बाबांना तक्रार करायची होती. फक्त न वाजवता दार तोडलं एवढं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. ते मेडिकलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काका, मला इथंच दुकान चालवायचंय." तक्रार तिथेच संपली.

आईच्या हाताचं प्लास्टर निघालं त्या सुमारास त्यांच्यातलाच एक हवालदार पुन्हा आला. अशाच एका कोयतेवाल्या पोराच्या घराची झडती आहे, काका, पंच म्हणून चला. असा निर्लज्जपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी म्हटलं, "बाबा, जायचं नाही." बाबांनी शांतपणे शर्ट बदलला आणि म्हणाले, "दार उघडायच्या आधी हजर राहू देणार असाल तरच येतो." मी चप्पल घालून मागोमाग गेले.

नाल्याकडच्या वस्तीतलं दोन खोल्यांचं घर होतं. शिपायाने दारावर पाय उचलला तोच बाबा पुढे झाले, बेल दाबली आणि मोठ्याने म्हणाले, "पोलीस आलेत. दार उघडा." कुणाला काही सुचेपर्यंत कडी निघाली. पिठाच्या हातांची एक वाकलेली म्हातारी दारात उभी होती. पोरगा नव्हता. मागचं दार सताड उघडं होतं. तो सकाळीच गेला होता की बेल ऐकून पळाला, हे आजतागायत कुणाला माहीत नाही. तो बेल ऐकूनच पळाला, हे साहेबांनी मात्र तिथेच ठरवून टाकलं. "समाधान झालं, काका?" एवढंच विचारलं आणि सहीला कोपऱ्यावरचा पानवाला बोलावला.

त्याच पोराने पुढच्या आठवड्यात एका रिक्षावाल्याच्या हातावर वार केला. वसाहतीत बातमी आली ती बाबांच्या नावासकट. पोराला यांनीच पळवलं म्हणे. सगळ्यात मोठ्याने मेडिकलवाला बोलत होता. बाबांनी पंच म्हणून ज्यांच्या तोडलेल्या दारांवर सह्या केल्या होत्या त्यांच्याबद्दल ही माणसं कधी अवाक्षर बोलली नव्हती.

बाबा एकटेच हॉस्पिटलात जाऊन त्या रिक्षावाल्याला पाहून आले. आपण कोण ते त्याला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणाले. त्याची दोन बोटं हलत नव्हती. जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "मी बेल वाजवली नसती तर?"

मी भाताचं पातेलं आईकडे सरकवलं. आई डाव्या हाताने वाढत होती, उजव्यात अजून वाटी धरवत नव्हती. ती म्हणाली, "तर ती म्हातारी पडली असती दाराखाली."

बाबांनी ऐकलं. मान हलवली. आणि जेवण तसंच ठेवून उठले.