काकांची बेसबॉलची वही

"ह्याचा शेवटचा सीझन," असं पुटपुटत काका लाल पेनाने रेघ ओढायचे आणि मगच डबा उघडायचे.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मँचेस्टरच्या आमच्या ऑफिसात आम्ही सगळे व्हिसावरचे प्रोग्रामर. काका नागपूरचे, पन्नाशीचे, एकटे राहायचे. क्रिकेटवरून तावातावाने भांडणाऱ्या आम्हा मंडळींत हा एकच माणूस अमेरिकन बेसबॉलवाल्यांच्या कारकिर्दी वहीत उतरवायचा. एका खेळाडूला एक पान. वर्ष, टीम, सामने आणि शेवटच्या वर्षाखाली लाल रेघ. फक्त रेघ आधी पडायची, खेळाडू नंतर संपायचा.

एक पिचर, म्हणजे त्यांच्याकडचा बोलर, तेव्हा भलताच जोरात होता. काकांनी त्याच्या पानावर रेघ ओढली. "काका, काहीतरीच काय!" म्हणत आम्ही खिदळलो. दोन महिन्यांत त्याचा खांदा गेला. असं चार-पाचदा झाल्यावर आम्ही हसणं सोडलं.

"कसं कळतं हो तुम्हाला?"

"मला काऊन विचारतो? हातच जातो रे माझा."

त्या वर्षी कॉन्ट्रॅक्टं कापायला सुरुवात झाली. माझं एक्स्टेन्शन अडकलेलं, बायकोला सातवा महिना. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, चला घरी! एकदा काका चहा आणायला गेले असताना मी वही उघडली. मागची पानं आमची होती. नुकतंच घरी पाठवलेल्या दोघांखाली रेघा होत्या. माझ्या पानावर पुणे, बर्मिंगहॅम, मँचेस्टर आणि चालू वर्षाखाली रेघ.

काका मागेच उभे होते. "खोडा ना काका," मी अक्षरशः गयावया केली.

त्यांनी ब्लेडने ती रेघ हळूहळू खरवडून काढली. "नुसतं खोडून नाही भागत रे. कुठंतरी मारावी लागते."

कुठे, ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मॅनेजर म्हणाली, एक्स्टेन्शन आलंय, फक्त सही हवी. मी काकांना सांगायला धावलो. खुर्चीवर कोट, डबा उघडा, भाजी अजून गरम. वहीत त्यांचं स्वतःचं पान उघडं होतं. रेघेवर बोट टेकवलं तर शाई ओली.

त्यानंतर काका कुणालाच दिसले नाहीत. रिसेप्शनवाली म्हणाली, बाहेर कुणी गेलंच नाही. घरमालकिणीने खोली उघडून दाखवली, सामान जागच्या जागी. पोलिसांकडेही जाऊन आलो. सगळं केलं मी.

पण तुमच्यापासून काय लपवायचं? त्या टेबलाशी उभा होतो, तेव्हा मॅनेजर कागद घेऊन मागून आली. मी आधी सही केली. मग काकांना हाका मारल्या.