बाशिंगाला लागलेला तांबेरा

“आधी फांदी तोडा, मग माझ्याशी बोला,” कोयता पुढे करत नाना म्हणाले.

नाना म्हणजे आमच्या कॉलेजचे संस्थाचालक आणि कॉलेजच्या कुंपणाला लागून असलेल्या द्राक्षबागेचे मालक. मी बॉटनीची लेक्चरर. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वाद होता आवारातल्या आंब्यावरच्या बाशिंगाचा. झाडाच्या अंगावर वाढणारं हे नेचं मी सुरगाण्याच्या ओल्या जंगलातून आणून फांदीला बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीची कमिटी येणार होती. बॉटनीची मान्यता तिच्या हातात, आणि दाखवण्यासारखं जिवंत सॅम्पल आमच्याकडे हे एवढंच.

नानांनी पान उलटं केलं. मागे तपकिरी ठिपके. बोट घासलं तर पूड लागली.

“तांबेरा हे हा, बाई! वाऱ्यानं माझ्या बागेत यायला किती वेळ?”

“नाना, नेच्याला फूल नसतं, बी नसतं. या ठिपक्यांत त्याचे बीजाणू असतात, त्यातून नवं रोप होतं. आणि ठिपके बघा कसे ओळीत आहेत. रोग असा ओळीत येत नाही.”

“माझ्या बागेत ओळीनंच येतो.”

नाना आता नेच्याच्या बुडाकडे वळले.

“आणि बुडाची ही पानं वाळली, ती?”

“ती तशीच असतात. वरून पडणारा पाचोळा अडवतात, तो कुजून त्याचं खत होतं. आंब्याचं ते काही खात नाही, नुसतं राहतं.”

“फुकट?”

प्रिन्सिपॉल इतका वेळ मान डोलावत होते. “मॅडम, तुमचं बरोबर आहे. नानांचंही बरोबर आहे. फांदी तेवढी तोडू.”

माझं डोकंच फिरलं. पान खुडलं आणि नानांना जवळजवळ ओढतच लॅबमध्ये नेलं. सुईनं एक ठिपका खरवडून मायक्रोस्कोपखाली ठेवला. बीजाणूंच्या पिशव्या दिव्याच्या उबेनं सुकल्या की गलोलीसारख्या उलटतात आणि बीजाणू भिरकावतात. मी देवाचं नाव घेत होते. नानांनी डोळा लावला आणि एकदम मागे उडी मारली.

“आयला, हाणलं की मला!”

“तांबेरा असा हाणतो का, नाना?”

“नाय बा,” म्हणत त्यांनी पुन्हा डोळा लावला. मग चहाही तिथेच मागवला. लॅब बंद करायची वेळ झाली तरी उठेनात.

फांदी वाचली. दुसऱ्या दिवशी कमिटीतले पुण्याचे प्रोफेसर आंब्याखाली थांबले. त्यांनी पान उलटं केलं आणि तोंड उघडणार, तोच नाना पुढे सरसावले.

“तांबेरा समजाल, सर! लय शिकलेले बी फसतात इथं.”

प्रोफेसरांची पीएच.डी. नेच्यांवरच होती. मी जमिनीकडे बघत राहिले. पण ते भले गृहस्थ हसून म्हणाले, “बरं झालं सांगितलंत.”

मान्यता मिळाली. तेव्हापासून एक शिकले. वनस्पती आपण ओळखून भागत नाही, कोयतेवाल्याला ओळखता आली पाहिजे. मग ती त्यानेच शोधून काढली, असंही ऐकून घ्यावं लागतं.