ऑलिव्ह सही करत नाही

परदेशात, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात राहणाऱ्या ऑलिव्ह तुस्कानोशी कुणी फार गोड बोललं की तिला आधी शंका यायची. मूळची वसईची, पेशाने फिजिओथेरपिस्ट. तरी एकदा ती फसलीच. दारावर आलेल्या सेल्समनने नळाच्या पाण्यात तारा सोडून करंट दिला. पाणी तपकिरी झालं, आणि घाबरून तिने त्याचा फिल्टर बसवून घेतला.

काही महिन्यांनी एका वकिलाचा फोन आला. "ती ट्रिक होती. रंग तारांमुळे येतो. फसलेल्या सगळ्यांचा मिळून दावा लावतोय. फक्त सही करा, नो वरीज."

"माझं नाव कुणी दिलं?"

तो नुसता हसला. ऑलिव्हने सही केली नाही.

त्या दाव्यातला मुख्य तक्रारदार तिच्याच गल्लीतला प्रताप होता. ती थेट त्याच्या घरी गेली.

"तुझा फिल्टर दाखव बघू."

"मी कुठे घेतलाय?" प्रताप ओशाळला. "वकील म्हणाला, जाहिरात वाचलीस ना, पुरे झालं."

ऑलिव्हने मग एकटीनेच ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या ट्रायब्युनलकडे तक्रार केली. सुनावणीत कंपनीच्या माणसासमोर तिने फिल्टरचंच पाणी ठेवलं.

"आता यात घाला तुमच्या तारा."

तेही तपकिरी झालं. कंपनीने मुकाट्याने पैसे देऊन फिल्टर परत घेतला. प्रतापच्या नावाचा दावा मात्र कोर्टात टिकला नाही.

त्याच सुमारास सरकारने असल्या एकत्रित दाव्यांचा कायदा बदलायला घेतला. व्यापारी संघटनेची लीना केक घेऊन घरी आली. "तुमची गोष्ट आम्हाला हवीच होती! फक्त एवढं म्हणा, ग्राहकाने आधी कंपनीकडेच जावं, कोर्टात नको."

"तुमच्या संघटनेत फिल्टरवाले आहेत?"

लीनाने केक तिच्यापुढे सरकवला.

"अगं, कुणावर तरी विश्वास ठेव," ती गेल्यावर नवरा आल्फ्रेड म्हणाला.

"ठेवते ना. आधी कोण काय विकतंय ते कळू दे."

कायद्यावर लोकांची मतं ऐकणाऱ्या समितीपुढे ती एवढंच बोलली, "जो फसला त्यानेच दावा करावा. पण त्याची वाट अडवू नका."

कायद्याचं घोंगडं अजून भिजतच आहे. संघटनेने तिचं पहिलं वाक्य फोटोसकट वेबसाइटवर टाकलं, वकिलाने दुसरं. ऑलिव्हने दोघांनाही फोन लावून खडसावलं, "छापायचं तर पूर्ण छापा, नाहीतर माझा फोटो काढून टाका."

दोघांनीही फोटोच काढून टाकला.