घागरे सरांची डावी बाजू

गाडी सुरू करण्याआधी घागरे सर आतूनच डावीकडचं दार उघडायचे आणि शेजारची सीट रुमालाने पुसायचे. कोणी बसणार असो वा नसो. पांढुर्ण्याहून सौंसरच्या शाळेत ते रोज असेच जायचे. ते गणित शिकवायचे, मी इंग्रजी. बस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबायची. मी तीच बस पकडायचे.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, बस दारात असताना लोक गाडीच का काढतात?" सगळ्यांचं मला माहीत नाही. सरांचं माहीत आहे.

त्यांना विचारलं की दर वेळी नवं कारण मिळे. "बसमधले गाणे ऐकून डोकं उठते, बाई." पुढच्या महिन्यात, "सुटीनंतर बोरगावले बहिणीकडं जाता येते." एकदा तर, "रोज फिरवली नाही तं गाडी रुसते."

शाळेत सर गर्विष्ठ समजले जात. हाक मारली तरी वळायचे नाहीत. एकदा गाडी दुरुस्तीला होती म्हणून ते बसने आले. मी खिडकीशी होते, ते माझ्या डावीकडे बसले. मी मोठ्या आनंदाने सांगितलं की माझ्या मुलीचं, म्हणजे तुमच्या आईचं, लग्न ठरलं. सर समोर बघत राहिले. एक शब्द नाही! मी बोलणंच टाकलं.

दोन आठवड्यांनी माझी बस चुकली. सरांनी गाडी थांबवली. "बसा न बाई. राग शाळेत गेल्यावर करा." मी बसले, आणि फणकाऱ्याने म्हणाले, "मुलीचं लग्न ठरलंय."

"पोरीचं? अन् मले आता सांगून राहिल्या?"

"बसमध्येच सांगितलं होतं."

सरांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "उजव्या कानानं मले लहानपणापासून ऐकू येत नाही. बसमधे कोण कोणत्या बाजूनं बसन, सांगता येते काय? इथं माणूस डावीकडंच बसते."

"मग लोकांना सांगायचं ना!"

"पोट्ट्यांले समजलं असतं तं उजवीकडून एकमेकांले उत्तरं सांगत बसले असते. घरीबी कोणाले सांगतलं नाही. तुमीबी सांगू नका."

मी नाही सांगितलं. गेल्या वर्षापर्यंत.

तोवर सरांची नजर कमी झाली होती. सौंसरला एका लग्नाला निघालो, तेव्हा त्यांच्या मुलाने, सुधीरने, किल्ली घेतली. "बाबा, आता तुम्ही आरामात बसा." सर डावीकडे, सुधीर त्यांच्या उजवीकडे, मी मागे. सुधीर रस्ताभर बोलत होता. सर संत्र्याच्या बागा बघत अधूनमधून मान डोलवत होते, ती त्यांची जुनी सवय.

"इथलं घर विकून टाकू, बाबा. माझ्याकडेच राहा. चालेल ना?"

सरांनी मान डोलवली.

मी पुढे वाकून त्यांच्या डाव्या कानाशी विचारलं, "सर, सुधीरला कानाचं सांगू?"

"सांगा. आता कोणत्या वर्गावर जायचं आहे मले?"

मी सांगितलं. सुधीरने गाडी कडेला घेतली, उतरला, वळसा घालून आला आणि डावीकडचं दार उघडून खाली बसला.

"बाबा, घर विकू का?"

"नाही," सर म्हणाले. लगेच.