सुमीने बांधलेली सातवी गाठ

इथले अनुभव मी दोनेक वर्षं वाचते आहे, आणि खोटं कशाला सांगू, बरेचसे हसत वाचते. उलटे पाय, पांढरी साडी, वळणावर उभी असलेली बाई... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अजूनही नाही. घरी कुणाची दृष्ट काढायला घेतली की मीठमोहऱ्या फुकट घालवू नका म्हणून भांडणारी मीच. माझं काम असं, की मोजून दाखवल्याशिवाय तिथं कुणी काही ऐकून घेत नाही. तरी हे लिहिते आहे, कारण बारा वर्षं झाली आणि मला याचं उत्तर सापडलेलं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं, मी त्यांच्याच बाजूची आहे.

आमचं गाव पेणजवळचं जोहे. गावभर गणपतीचे कारखाने आणि भोवती भातशेती. माझी धाकटी बहीण सुमन, म्हणजे सुमी, शाळा सुटल्यापासून कारखान्यात जायची. मूर्तींना खडे चिकटवायचे, मण्यांच्या माळा ओवायच्या. तिच्या हृदयाची झडप लहानपणापासून अधू होती, त्यामुळे बसून करायचं काम तिला मानवायचं. पुढे लग्न होऊन ती रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात गेली. नवरा प्रकाश कंपनीत शिफ्टला. मी मात्र शिकतच राहिले आणि पुण्याला एका प्रयोगशाळेत पीएचडीला लागले. घरात मी हुशार, सुमी आजारी – अशी वाटणी फार आधीच होऊन गेली होती.

माझं काम एका प्रोटीनवर होतं. आमच्याच खाडीकडच्या मिठागरात राहणाऱ्या जिवाणूचं प्रोटीन. एवढ्या खारात ते टिकतं कसं, हा प्रश्न. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, पण ती सरळ राहत नाही, स्वतःशीच दुमडून तिचा गोळा होतो. माझ्या साखळीत एकशे बारा अमिनो आम्लं होती. कुणामागे कोण, हा क्रम मला ठाऊक होता. गोळा कसा होतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळायला प्रोटीनचे क्रिस्टल, म्हणजे स्फटिक, करून त्यांवर क्ष-किरण सोडावे लागतात, आणि दोन वर्षं ते क्रिस्टलच होत नव्हते. त्या दोन वर्षांत मी माणसांशी नीट बोलायचंच सोडलं होतं.

माघात चार दिवस घरी गेले तेव्हा सुमीही माहेरी आराम करायला आली होती. तू नेमकं करतेस काय, म्हणून मागंच लागली. कंटाळून मी तिला कागदावर तो क्रम लिहून दिला आणि चार प्रकारची अमिनो आम्लं चार रंगांनी दाखवली. तिनं दुपारभरात बारीक तारेवर मण्यांची माळ ओवली सुद्धा. मग मी ती दुमडून तिला समजावलं की साखळीत एकमेकांपासून खूप लांब असलेले मणी गोळ्यात अंगाला अंग लावून बसतात, आणि कोण कुणाला लागतं हेच तर मला शोधायचं आहे.

तिनं माळेची दोन्ही टोकं हातात धरली. "ह्यो पयला मणी तू, न् शेवटचा मी. आपुन दोघी कुठं लागतो येकमेकीला?"

मी तेव्हा फोनवर मेल वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "टोकं मोकळीच हलत असतात गं. ती कुणाला लागत नाहीत."

ती माळ घेऊन वरशाला गेली. पावसाळ्यात एकदा फोनवर म्हणाली की तुझ्या माळेचा गोळा झालाय, सात ठिकाणी लाल दोऱ्याच्या गाठी मारल्यात. असं आपल्या मनानं नसतं बांधायचं, असं सांगून मी विषय बदलला. कसं ठरवलंस, हे विचारलं नाही. एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर आज कदाचित हे लिहायची वेळ आली नसती.

नवरात्राच्या आधी क्रिस्टल झाले. त्याच आठवड्यात सुमीचा फोन आला.

"ताई, दोन दिस येतेस का गो? असंच."

मी म्हटलं, आत्ताच क्रिस्टल आलेत, क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर न्यायचेत, पंधरा दिवसांनी नक्की येते. ती म्हणाली, "बरं. काम हाय तर हाय." तिला धाप लागलेली मला ऐकू येत होती. ऐकू येत होती आणि मी फोन ठेवला.

त्या फोननंतर अकराव्या दिवशी मी क्रिस्टल घेऊन परगावी यंत्रावर होते. आत फोन न्यायचा नाही असा तिथला नियम, म्हणून तो लॉकरमध्ये. दिवसभर एकापाठोपाठ एक सुरेख डेटा येत होता, इतका सुरेख की आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. संध्याकाळी लॉकर उघडला तर प्रकाशचे बावीस मिस्ड कॉल. मी वरशाला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आई ओटीवर बसली होती. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि सरकून जागा करून दिली.

कार्य झाल्यावर प्रकाशनं मला एक स्टीलचा डबा दिला. आत तो मण्यांचा गोळा. तो म्हणाला, शेवटी शेवटी ती हाच घेऊन बसायची. "डोळं मिटून बोटांनी चाचपायची, ताई. म्हनायची, ह्यो ह्याला सोडून ऱ्हानार नाय. मंग बांधायची." डबा मी बॅगेत तळाशी ठेवला आणि पाच महिने उघडला नाही.

त्या दिवशीच्या डेटामधूनच स्ट्रक्चर, म्हणजे गोळ्याची रचना, निघालं. मग कोण कुणाला लागतं त्याचा हिशोब. प्रत्येक अमिनो आम्लाची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडी लावून बघायची – दोघांचे कुठले तरी दोन अणू साडेचार अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधलं अंतर मोजायचं माप) आत आहेत का? असतील तर ते एकमेकांना लागतात. साखळीतले सख्खे शेजारी धरायचे नाहीत, ते जवळ असणारच. उरतात ते लांबचे, आणि गोळा धरून ठेवतात तेही हेच. ती यादी घेऊन मी जोह्याला गेले, ओटीवर बसले आणि पहिल्यांदा डबा उघडला. कशाला उघडला ते मलाही सांगता येणार नाही. तिच्या हातचं काहीतरी हातात हवं होतं, बस.

एका टोकापासून मणी मोजत गेले, गाठ आली की आकडा लिहिला. सात जोड्या. यादीशी ताडून पाहिलं तर एकही बसेना. मला हायसं वाटलं, आणि लगेच असं रडू आलं की थांबेना. माझी माझीच चिडले. काय बसायला हवं होतं मला?

आई शेजारी बिरड्याचे वाल सोलत होती. माझं मोजणं बघत असावी. म्हणाली, "त्यो काळा मणी कशाला धरलास गो? त्यो दृष्टीचा. सुमी पयला त्यो घालायची, मंग माळ सुरू."

मी गोळा उलटा करून पाहिला. टोकाला खरंच एक काळा मणी होता. माझ्या चार रंगांत काळा नव्हताच, तरी मी तो मोजला होता. म्हणजे माझा प्रत्येक आकडा एकनं जास्त. शेवटचा आकडा एकशे तेरा आला होता, तेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सगळ्यांतून एक वजा केला. पाच जोड्या यादीत सापडल्या. मग यादीत शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं. सहावी नव्हती, एकोणतीस आणि अठ्ठ्याऐंशी. पुण्याला जाऊन मी स्ट्रक्चरचा तो भाग पुन्हा उघडला, तर तिथं साखळीचं एक वळण मीच चुकीचं बसवलं होतं. ते नव्याने बांधलं आणि अंतर मोजलं. साडेतीनच्या आसपास. लागत होते. गाइडनं कौतुकानं विचारलं की ही चूक सापडली कशी. मी म्हटलं, असंच वाटलं, सर.

तुम्ही म्हणाल योगायोग. मीही तेच म्हणाले. संगणकाला वाटेल तशा सात सात गाठी मारायला लावल्या, हजारो वेळा, आठवडाभर. त्यातल्या सहा खऱ्या निघाल्या असं एकदाही झालं नाही. रंगांवरून तिनं ओळखलं असेल? एकाच रंगाचे पंचवीस-तीस मणी होते, त्यातला नेमका कुठला हे रंग सांगत नाही. मी कधी बोलण्यात काही सांगून गेले असेन? मलाच ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी ठाऊक व्हायला सुरुवात झाली, त्याच दिवशी ती गेली.

राहिली सातवी. काळा मणी सोडला तर ती गाठ पहिल्या मण्याची आणि शेवटच्या मण्याची आहे. दोरा दोनदा फिरवून मारलेली, बाकीच्यांपेक्षा घट्ट.

ती तपासता येत नाही. क्रिस्टलमध्ये माझ्या प्रोटीनची दोन्ही टोकं दिसत नाहीत. सुरुवातीचे चार आणि शेवटचे तीन, तिथं क्ष-किरणांतून निघालेल्या नकाशात काहीच नाही, नुसती मोकळी जागा. हल्ली नुसता क्रम दिला की रचना काढून देणारे प्रोग्रॅम आले आहेत. ते आले त्या दिवशी मी आधी हाच क्रम घातला. मधला गोळा हुबेहूब आला. टोकांपाशी प्रोग्रॅमनं दोन लोंबणारे दोरे काढले आणि यांची खात्री देता येत नाही म्हणून रंग बदलून दाखवला.

माझ्या प्रबंधात लिहिलं आहे की टोकं मोकळी असावीत. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे, आजही मी तसंच लिहीन. गोळा माझ्या टेबलावर असतो. कुणी विचारलं तर बहिणीनं केलाय एवढंच सांगते. त्या दुपारी मान वर करून तिच्याकडे पाहिलं असतं, बोलावलं तेव्हा गेले असते, तर कदाचित तिला ती गाठ मारावी लागली नसती. माझ्यावर रागावून गेली का, हे मी आईला विचारलं नाही, प्रकाशला विचारलं नाही.

यामागे काय आहे मला माहीत नाही. सातवी गाठ खरी की नुसती तिची इच्छा, हे सांगणारं यंत्र नाही. मला एवढंच माहीत आहे की बाकीच्या सहा तिनं बरोबर बांधल्या होत्या.